कानोच्या पेटीत काय आहे ते शेवटी सांगतो

गेल्या अंकात या पानावर कोणीतरी विचारलं होतं की सैनिक विरुद्ध एलियन या टाइपच्या कॉमिक्समध्ये तुमची सगळ्यात फेव्हरिट कुठली, आणि मी "बॅड कंपनी, ब्रिटिश आहे, मिळाली तर सोडू नका" एवढं एका ओळीत लिहून मोकळा झालो. चुकलंच. आता जी पत्रं आणि मेल आलेत त्यात निम्म्या लोकांनी ती मिळवून वाचलीय आणि उरलेल्यांना वाटतंय मी अर्धवट सांगून छळलं. म्हणून या वेळी सगळं पान त्यालाच. मांजरांच्या कॉमिकबद्दल विचारणाऱ्या अकोल्याच्या ताई, तुमचा नंबर पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न: काका, मी बारावीला आहे, अभ्यासातून वेळ काढून वाचायचंय तर आधी सांगा स्टोरी काय आहे आणि कुठून सुरू करू? पण स्पॉयलर देऊ नका प्लीज. (कोल्हापूर)

अरे, स्टोरी सांग पण स्पॉयलर देऊ नको म्हणजे पुरणपोळी वाढा पण पुरण नको अशातला प्रकार झाला. तरी बघतो. ब्रिटनमध्ये '२००० एडी' नावाचं साप्ताहिक आहे, फेब्रुवारी १९७७ ला सुरू झालं आणि अजून चालू आहे. तिथे अंकाला अंक म्हणत नाहीत, प्रॉग म्हणतात. त्यांच्या ५०० व्या प्रॉगमध्ये, म्हणजे १९८६ च्या डिसेंबरात, ही मालिका सुरू झाली. लेखक पीटर मिलिगन, चित्रं ब्रेट ईविन्स आणि जिम मकार्थी यांची.

अरारात नावाचा एक ग्रह आहे, तिथे माणसं आणि क्रूल नावाचे एलियन यांचं युद्ध चाललंय आणि माणसं हरतायत. थोडं मागे पडलोय, पुढच्या भागात हिरो येईल असं नाही, सरळ हरतायत. डॅनी फ्रँक्स नावाचा कोवळा पोरगा तिथे नवीन आलेला, त्याच्या युनिटची क्रूल लोक पार वाट लावतात आणि मग त्यांना वाचवायला जी टोळी येते ती बघून वाटतं की यापेक्षा क्रूल बरे होते. तीच बॅड कंपनी. त्यात मॅड टॉमी म्हणून एक आहे, त्याला वाटतं दुसरं महायुद्ध चालू आहे. वॉलबँगर नावाचा एक रोबो आहे. थ्रॅक्स आहे, तो आपल्याच माणसांना जास्त छळतो. आणि सगळ्यांचा म्होरक्या कानो, अंगाने राक्षस, टाके घालून जोडलेल्या फ्रँकेन्स्टाइनसारखा दिसणारा, फार बोलत नाही, आणि त्याच्याजवळ एक छोटी काळी पेटी असते. तिला हात लावायची कोणाची टाप नाही. त्यात काय आहे हे कोणाला माहीत नसतं. बस, इथे थांबतो.

ग्रहाचं नाव मात्र लक्षात ठेव. बायबलमध्ये महापूर ओसरल्यावर नोहाची नाव ज्या डोंगराला टेकली तो अरारात, म्हणजे वाचलेल्यांची जागा. आणि इथे जो उतरतो तो वाचत नाही. मिलिगनला असले खोडसाळपणे जाम आवडतात.

सुरुवात पहिल्या भागापासूनच कर. डॅनी नवीन टोळी जमवतो तो दुसरा भाग आधी हातात घेतलास तर पहिल्याची सगळी मजा जाईल. ऑक्सफर्डची रिबेलियन नावाची व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी आहे, तिने २००० साली हे साप्ताहिकच विकत घेतलं, तेच लोक जुन्या मालिकांची एकत्र पुस्तकं काढतात, डिजिटलही विकतात. परीक्षा झाल्यावर वाच पण. हे मी तुझ्या आईसाठी लिहितोय.

प्रश्न: रोग ट्रूपरचं नाव का नाही घेतलं? तो पण एलियनशीच लढतो की, स्वतःच निळा आहे! (ठाणे)

निळा आहे म्हणून एलियन नाही हो. रोग ट्रूपर म्हणजे लॅबमध्ये बनवलेला माणूस, विषारी हवेत मास्कशिवाय श्वास घेता यावा म्हणून तसा बनवलाय, त्याला जेनेटिक इन्फंट्रीमन म्हणतात. लढाई आहे न्यू-अर्थ नावाच्या ग्रहावर, नॉर्ट्स आणि सदर्स यांची, आणि दोन्ही बाजूंनी माणसंच. एक फितूर जनरल त्याच्या सगळ्या जोडीदारांना मरायला पाठवतो आणि हा एकटा वाचतो. म्हणजे तसा एकटा नाही, मेलेल्या तीन मित्रांची डोकी चिपमध्ये घालून त्याने बंदुकीत, हेल्मेटमध्ये आणि पाठीवरच्या सॅकमध्ये बसवलीत आणि ते तिघं सतत बडबडत असतात. आयडिया भारी आहे. १९८१ ला आलं, लेखक गेरी फिनली-डे आणि चित्रं डेव्ह गिबन्सची.

तुम्हाला एलियनच पाहिजेत तर ह्याच फिनली-डेचं आधीचं 'द व्ही.सी.ज' शोधा, १९७९-८० चं. त्यात एलियनचं नाव गीक्स, आणि लढणारी तुकडी इतर ग्रहांवर वाढलेल्या लोकांची, त्यात स्मिथ नावाचा एक पृथ्वीवरचा पोरगा येऊन पडतो आणि बाकीचे त्याला गांडूळ म्हणतात. म्हणजे अर्थवर्म, इंग्रजीत तो शब्दाचा खेळ आहे, मराठीत जमत नाही. मग एकेक करून सगळे मरायला लागतात आणि जे त्याला हिडीसफिडीस करत होते त्यांच्यासाठीच आपला जीव खालीवर होतो. नावातली व्ही.सी. ही अक्षरं बघा, व्हिएतनाम युद्ध संपून तेव्हा चारपाच वर्षंच झाली होती आणि व्हिएत काँगला, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट गनिमांना, अमेरिकन सैनिक हेच म्हणायचे. योगायोग वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

प्रश्न: सर, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तुमचं वाचून त्याने हट्ट धरलाय. मी चाळून बघितलं तर मुडदे, झोंबी, हे काय आहे? लहान मुलांच्या साप्ताहिकात हे कसं छापतात? (नाशिक)

ताई, अकरा म्हणजे लहानच. तेरा-चौदा होऊ द्या आणि मग शेजारी बसून वाचा. क्रूल लोक मेलेल्या माणसांना उठवून परत लढायला लावतात, हे रात्री एकट्याने वाचायचं काम नाही, मी वीस वर्षांचा होतो तरी लाइट चालू ठेवला होता.

पण कसं छापतात याला एक गंमतशीर इतिहास आहे तो सांगतो. १९७६ मध्ये, '२००० एडी' ज्यांनी काढलं त्याच प्रकाशकांनी, आयपीसी नाव त्यांचं, 'ॲक्शन' नावाचं मुलांचं साप्ताहिक काढलं. सात पेन्स किंमत. त्यात माणसं खाणारा शार्क होता, दंगली करणारी पोरं होती, रक्त तर पानोपानी. पेपरवाल्यांनी झोडपलं, 'सात पेन्सचं दुःस्वप्न' म्हणाले, आणि ऑक्टोबरमध्ये प्रकाशकांनी घाबरून अंक बाजारातून काढून घेतला. नंतर परत आला पण दात काढलेल्या वाघासारखा. आणि पॅट मिल्स, ज्याने ते उभं केलं होतं, तोच माणूस काही महिन्यांत '२००० एडी' घेऊन आला. आता तेच सगळं, मारामाऱ्या, युद्ध, वाईट सरकारं, पण मारणारे रोबो, मरणारे एलियन आणि वर्ष भविष्यातलं. पेपरवाले गप्प. माणसाचं डोकं उडवलं तर हिंसा आणि हिरव्या प्राण्याचं उडवलं तर कल्पनाशक्ती, असा हिशोब.

आम्ही लहानपणी इंद्रजालमध्ये वेताळाच्या गुद्द्याने लोकांच्या हनुवटीवर कवटी उमटायची ते बघत मोठे झालो, ते कोणाला खटकलं नाही, पण तिथे मेलेला माणूस परत येऊन मित्रावर गोळी झाडत नव्हता हे तुमचं बरोबर. फरक आहे.

प्रश्न: नमस्कार. मी इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. नातवाने तुमची ती बॅड कंपनी टॅबवर दाखवली. शिस्त नाही, धड वर्दी नाही, कमांडर आपल्याच पोरांना घाबरवतो. आणि तो डॅनी लढाईच्या मधोमध डायरी लिहितो! आम्हाला घरी पोस्टकार्ड टाकायला सवड नसायची. असली कंपनी तीन दिवस टिकणार नाही. काढणाऱ्याने कधी फौज बघितली आहे का? (सातारा)

सुभेदारसाहेब, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली आता देऊन बघ उत्तर. प्रयत्न करतो.

शिस्तीचं तुमचं म्हणणं मान्य, पण एक गोष्ट बघा. ही कंपनी म्हणजे तुमच्या अर्थाने कंपनी नाहीच. वेगवेगळी युनिटं संपली त्यातून जे उरले, पळाले, हरवले, ज्यांना परत घ्यायला कोणी आलं नाही, ती सगळी गाळ म्हणून खाली बसलेली माणसं. हेडक्वार्टरशी यांचा संबंध तुटलेला. म्हणजे शिस्त नसली की काय होतं तेच दाखवलंय आणि तुम्ही म्हणता तसंच होतं, ते टिकत नाहीत. फक्त तीन दिवसांऐवजी वीसेक प्रॉग लागतात.

डायरीचं मात्र मी थोडं भांडतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत आघाडीवर डायरी ठेवायला बंदीच होती, कारण माणूस पकडला गेला तर शत्रूच्या हातात आयती माहिती. तरी शेकडो शिपायांनी लपूनछपून लिहिल्या आणि आज त्या युद्धाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्या चोरट्या वह्यांमुळे. ब्रिटिश कॉमिकवाल्यांना हे चांगलं ठाऊक होतं. मघाशी ज्याचं नाव घेतलं त्याच पॅट मिल्सने १९७९ ला 'बॅटल' नावाच्या साप्ताहिकात 'चार्लीज वॉर' सुरू केलं, चित्रं जो कॉल्कहूनची, एलियन वगैरे काही नाही, सोळा वर्षांचा पोरगा वय खोटं सांगून भरती होतो आणि १९१६ च्या सोमच्या लढाईत जाऊन पडतो. त्यात चार्ली घरी पत्रं लिहितो, स्पेलिंगच्या चुका करत, मी मजेत आहे वगैरे, आणि शेजारच्या चित्रात खंदकात काय चाललंय ते दिसत असतं. तुम्ही ते वाचावं अशी माझी फार इच्छा आहे, ते तुम्हाला खोटं वाटणार नाही.

आणि पत्रांचं म्हणाल तर आपल्याकडच्या शिपायांनी जे केलं ते कुठल्याही कॉमिकवाल्याला सुचलं नसतं. त्याच युद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी सैनिक घरी लिहायचे ती पत्रं सेन्सॉरवाले उघडून वाचायचे आणि हे शिपायांना माहीत होतं. मग काही जणांनी कोड काढला, काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आलीय, लाल मिरची वापरतात ती थोडी थोडी, असं लिहायचं, घरी कळायचं की इथे कोणाला पुढे ढकलतायत. सेन्सॉरच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी टिपून ठेवलं म्हणून तर आज आपल्याला माहीत आहे.

तर डॅनीची डायरी मला त्या रांगेतली वाटते. त्याला घरी कोणाला पाठवायची नाहीये, म्हणून त्यात मजेत आहे असं खोटं लिहायची गरज नाही. पहिल्या पानांवर तो घाबरलेला आहे, ते तो सांगतोही. मग हळूहळू घाबरलो हा शब्द कमी होत जातो आणि वाचणाऱ्याला तिथे भीती वाटायला लागते, कारण पोरगा शूर झालेला नाही, सरावलाय. हे तुम्ही भरतीच्या पोरांमध्ये बघितलं असेल की नाही ते तुम्हीच मला सांगा, मी एनसीसीच्या पुढे गेलेलो नाही. आणि एक, ओलिव्हर स्टोनचा 'प्लॅटून' पण अमेरिकेत नेमका १९८६ च्या डिसेंबरातच लागला, तिथेही नवीन पोरगा आजीला पत्रं लिहित गोष्ट सांगतो. कोणी कोणाचं बघून केलं असणं शक्यच नाही. दोघांच्याही डोक्यावर व्हिएतनाम बसलं होतं, एवढंच.

काढणाऱ्याने फौज बघितली का, तर ते माझ्यापेक्षा पुढच्या पत्राच्या उत्तरात जास्त चांगलं येतंय.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. या सगळ्या कॉमिक्समध्ये सायन्स शून्य असतं असं माझा रूममेट म्हणतो. एखादी तरी आहे का जिथे फिजिक्स बरोबर आहे? (पुणे)

आहे. 'फॉरएव्हर वॉर'. मूळ कादंबरी जो हाल्डेमनची, १९७४ ची, आणि सुभेदारसाहेब हे तुमच्यासाठी, हा माणूस स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेला आणि जखमी झालेला. वर फिजिक्स आणि ॲस्ट्रॉनॉमी शिकलेला. मार्व्हानो नावाच्या बेल्जियन चित्रकाराने १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याचं तीन भागांचं कॉमिक केलं, ते जरूर बघ.

गंमत अशी की त्यात एलियनपेक्षा मोठा शत्रू घड्याळ आहे. सैनिक जवळपास प्रकाशाच्या वेगाने प्रवास करतात आणि आइन्स्टाइनच्या हिशोबाने त्यांचा वेळ हळू चालतो. तू गणित करून बघ, वेग प्रकाशाच्या ९९.९ टक्के धरला तर यानातल्या एका वर्षात पृथ्वीवर साधारण बावीस वर्षं जातात. कादंबरीत हिरो पहिल्यांदा परत येतो तेव्हा त्याची दोनच वर्षं झालेली असतात आणि पृथ्वीवर २०२४ साल उजाडलेलं असतं. आपलं २०२४ तर गेलं सुद्धा. त्याला आपलं गावच ओळखू येत नाही, भाषा बदललेली, आई म्हातारी, आणि इथे जमत नाही म्हणून तो परत फौजेत जातो. पूर्ण युद्ध चालतं ११४३ वर्षं. व्हिएतनामहून परत आलेल्या पोराला घरी आल्यावर जे वाटलं तेच आहे हे, फक्त सूत्रात घालून मांडलंय. रूममेटला सांग सायन्स शून्य नाही, सायन्सच गोष्ट आहे.

उलट बाजूचं उदाहरण पण देतो. ॲलन मूर आणि इयन गिब्सनचं 'हॅलो जोन्स', '२००० एडी' मध्येच आलं, तिसरा भाग १९८६ चा. त्यात एलियनशी नाही, माणसामाणसांचंच युद्ध आहे, पण मोआब नावाच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण इतकं भयंकर की खास सूट फुटला की माणूस चिरडून सपाट, आणि त्या दाबामुळे वेळ पण हळू जातो, रणांगणावर काही मिनिटं लढून बाहेर यावं तर बाहेर कितीतरी काळ गेलेला. वाचताना अंगावर काटा येतो. फिजिक्स मात्र खेचलंय. गुरुत्वाकर्षणाने वेळ मंदावतो हे खरं, आपल्या फोनमधल्या जीपीएसला तो हिशोब धरावाच लागतो, उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते सुधारलं नाही तर स्विगीवाला तुझ्या हॉस्टेलऐवजी लोणावळ्याकडे निघेल. पण हा फरक मायक्रोसेकंदांचा. मिनिटांचे महिने व्हायला कृष्णविवराच्या अगदी कडेला जाऊन उभं राहावं लागेल, आणि तिथे कसला सूट आणि कसली लढाई. मला विचारशील तर मूरला एवढं माफ कर, त्याने त्यातून जे काढलंय ते बघ.

प्रश्न: '२००० एडी'चा संपादकच एलियन आहे म्हणे? (डोंबिवली)

हो, थार्ग नाव त्याचं, हिरवा आहे, बीटलगूजहून आलाय. म्हणजे मृग नक्षत्रातला तो लालसर तारा, आपण काक्षी म्हणतो. वाचकांच्या पत्रांना तोच उत्तरं देतो, सुरुवात 'बोराग थंग' म्हणून नमस्काराने, वाचकांना 'अर्थलेट' म्हणतो, आवडलं की 'झारजाझ'. लेखक आणि चित्रकार म्हणे त्याचे रोबो आहेत. हे हसण्यावारी नेऊ नका, पूर्वी ब्रिटिश कॉमिक्समध्ये लेखकाचं नावच छापायचे नाहीत, १९७७ मध्ये केव्हिन ओ'नील या चित्रकाराने पहिल्यांदा रोबोंच्या नावाखाली खऱ्या माणसांची नावं छोट्या चौकटीत टाकायला सुरुवात केली. नाहीतर आज मी तुम्हाला मिलिगन नि गिबन्स कुठून सांगितले असते.

हे उत्तर देणारा मी हिरवा नाही याची संपादकांनी खात्री केलेली आहे.

प्रश्न: जपानी विसरलात! 'ऑल यू नीड इज किल' कुठे आहे? (बेंगळुरू)

विसरलो नाही, प्रश्न एकाच आवडत्याचा होता. मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, चांगला आहे, हिरोशी साकुराझाकाच्या २००४ च्या कादंबरीवरून, चित्रं ताकेशी ओबाताची. सैनिक मरतो आणि परत त्याच सकाळी उठतो, एलियन तेच, लढाई तीच. टॉम क्रूझचा २०१४ चा सिनेमा त्यावरूनच. दोनच खंड आहेत, एका रविवारी होतो. पण तिथे मरणं म्हणजे शिकवणी आहे, मेलास, हरकत नाही, उद्या सुधार. बॅड कंपनीत मेलेला उठतो तो दुसऱ्या बाजूने. मला ते जास्त चावतं.

प्रश्न: मी तुमची शिफारस वाचली, आवडलीही, पण एक विचारते. क्रूल लोकांना स्वतःचं काही म्हणणंच नाही का? दिसायला घाण, वागायला घाण, विषय संपला. शत्रू असा रंगवणं सोपं नाही का? (मडगाव)

मॅडम, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. सोपं आहे. नाव पण बघा ना, क्रूल, म्हणजे क्रुएल, इतकं ढोबळ की मराठीत आपण क्रूर म्हटलं तरी फारसा फरक पडत नाही. ब्रिटिश वॉर कॉमिक्समध्ये ही जुनी सवय. स्कॉटलंडच्या डंडीहून १९६१ पासून निघणारी 'कमांडो' नावाची खिशात मावणारी पुस्तकं आपल्याकडे पण रेल्वे स्टॉलवर आणि लायब्ररीत असायची, आमच्या पिढीने ढिगाने वाचली, त्यातले जर्मन आणि जपानी असेच असायचे, ओरडायला आणि मरायला. त्यांचा युनिफॉर्म बदलून शेपूट लावली की झाला एलियन. हाल्डेमन त्या बाबतीत मोठा माणूस, त्याच्याकडे शेवटी कळतं की युद्ध सुरूच चुकून झालं होतं, समोरच्यांनी आधी काही केलंच नव्हतं. इतकी जुनी गोष्ट आहे, याला आता स्पॉयलर म्हणू नका.

मिलिगनने क्रूल लोकांना बोलूच दिलं नाही, ही त्याची कमजोरी मी मान्य करतो. पण त्याने एक दुसरी गोष्ट केली आणि ती सांगायला मला ती पेटी उघडावी लागणार. कोल्हापूरच्या बारावीवाल्या, तू आता पान उलट.

प्रश्न: पेटीत काय आहे??? (औरंगाबाद, परभणी, मालाड, परत मालाड, आणि एक पत्र ज्यावर गावच नाही)

आधी माझं ऐका. मी हे कॉलेजात असताना वाचलं, नव्वदीच्या सुरुवातीला. फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ फुटपाथवर जुनी पुस्तकं घेऊन बसायचे त्यातल्या एकाकडे सुतळीने बांधलेला गठ्ठा मिळाला, प्रॉग सगळे मागेपुढे, काहींची कव्हरं गायब, स्वस्तातला पेपर पिवळा पडून कडा तुटायला लागलेला. काळी-पांढरी चित्रं, ईविन्सची ती जाड काळी रेघ, शाई अशी की बोटाला लागेल. मी आणि माझा रूमपार्टनर, तो मिरजेचा, आम्ही रात्रभर जागून ते क्रमाने लावले आणि पहाटे लक्षात आलं की मधले आणि शेवटचे प्रॉग नाहीतच. पेटी सगळीकडे दिसते, कानो ती सोडत नाही, लोक तिच्याकडे चोरून बघतात आणि उघडते कधी तो अंक आमच्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर फुटपाथवाला म्हणाला जेवढं होतं तेवढं दिलं, आता काय लंडनला जाऊ का.

मग आमची पैज लागली. मी म्हटलं बायकोपोरांचा फोटो असणार, कारण सिनेमात तेच असतं. तो म्हणाला बॉम्ब, शेवटी सगळ्यांना घेऊन मरणार हा. जो हरेल त्याने मिसळ द्यायची, त्याच्या गावाकडची, लाल तर्रीवाली. उत्तर कळायला आम्हाला पंधराएक वर्षं लागली. रिबेलियनवाल्यांनी एकत्र पुस्तक काढलं ते एका मित्राने बाहेरून आणून दिलं तेव्हा.

तर. कानो क्रूल लोकांच्या हातात सापडला होता. त्यांनी त्याचं डोकं उघडून अर्धा मेंदू काढला आणि त्या जागी क्रूलचा अर्धा मेंदू बसवला. पेटीत त्याचा स्वतःचा तो काढलेला अर्धा मेंदू आहे. तो घेऊन फिरतो.

म्हणजे मडगावच्या मॅडम, क्रूल बोलत नाहीत हे खरं, पण जो माणूस त्यांना सगळ्यात चांगलं मारतो त्याच्या कवटीत एक क्रूल बसलाय, हुकूम कोण देतोय हे त्याला स्वतःला नक्की सांगता येत नाही, आणि डॅनीसारखी पोरं त्याच्यासारखं व्हायला शिकतायत, तेही कोणी ऑपरेशन न करता. हे कळल्यावर मी परत पहिल्या पानापासून वाचलं. कानो जिथे जिथे पेटीवर हात ठेवतो ती चित्रं आता वेगळी दिसतात, आधी वाटायचं काहीतरी लपवतोय, आता वाटतं चाचपतोय, आहे ना अजून.

रात्री अकरा वाजता मिरजेला फोन केला. तो आता शाळेत हेडमास्तर आहे. सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, म्हणजे फोटो पण नाही आणि बॉम्ब पण नाही, मग मिसळ कोणी द्यायची? ते अजून ठरलेलं नाही.